शुद्ध पेट्रोलाचं सोवळं

ऐकलंत का? तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, आमच्या तलमडुगु मंडलात लोक हल्ली पेट्रोल हुंगून घेतात. बंकावर नोझल टाकीत जायच्या आत माणूस नाक पुढे करतो, डोळे मिटून लांब श्वास घेतो आणि निकाल देतो, "वास येऊन राहिला बरं!" कसला वास, हे कुणी विचारत नाही. रांगेतली चार डोकी गंभीरपणे हलतात. नोझल धरलेला पोरगा तेलुगूत जे पुटपुटतो, ते सभ्य मासिकात छापण्यासारखं नसतं.

शिव शिव! याच भागात किराणा दुकानाच्या फळीवर, गोडेतेलाच्या शेजारी, थम्सअपच्या जुन्या बाटलीत पेट्रोल विकत आलेलं आहे. त्यात रेशनचं निळं रॉकेल किती आणि पावसाचं पाणी किती, हे विचारायची आजवर कुणाची छाती झाली नाही. रॉकेल पाजून राजदूत पळवली आणि त्याच राजदूतवरून पोरींसाठी स्थळं पाहिली, ती माणसं आता दुकानाच्या पायरीवर उभी राहून विचारतात, "इथेनॉल-फ्री हाय का?" दुकानदारीणबाई वहीतून मान न उचलता सांगतात, "फ्री इथं काहीच नाही. बाटलीमागं दहा रुपये जास्ती."

तर असं हे नवं सोवळं. पूर्वी विहिरी बाटायच्या, आता टाक्या बाटतात.

झालंय काय, तर पेट्रोलात दारू, म्हणजे इथेनॉल, शिरली आहे. पाच टक्के होती, दहा झाली, आता वीस झाली. वीस टक्के म्हटलं की कुणाला काही वाटत नाही. शाळेत टक्केवारी सगळ्यांचीच कच्ची. पण आमच्या पारावरच्या एका हिशेबी माणसाने ते सर्वांना कळेल अशा मापात बसवून दिलं. लिटरमागे दोनशे मिली, म्हणजे एका क्वार्टरपेक्षा वीस मिली जास्तच. स्प्लेंडरची टाकी दहा लिटरच्या आसपासची. फुल करून घेतली की अकरा क्वार्टर! आणि तीही पाणी न घातलेली. हे ऐकल्यावर पारावर जी शांतता पसरली ती मी ग्रामसभेतही पाहिलेली नाही. मग एकाने हळूच विचारलं, "म्हंजे माझी गाडी माझ्याहून जास्त घेते?" दुसरा म्हणाला, "अन् घरी कुणी काही बोलतबी नाही तिला."

त्यात आमचा मुलूख सरहद्दीचा. पलीकडे किनवट तालुका. १९५६ पर्यंत तो आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता, भाषावार प्रांत झाले आणि सोयरे तिकडे, शेतं इकडे राहिली. महाराष्ट्रातली देशी दारू तेलंगणात चोरून येते म्हणून एक्साइजवाले सीमेवर पिशव्या उपसतात, दुचाकीची डिकी उघडायला लावतात. आणि ज्या उसाच्या मळीतून ती देशी निघते त्याच मळीचा अर्क टँकरात बसून, कागदपत्रांसह, सलाम घेत डेपोत येतो आणि आमच्या टाकीत पोहोचतो. एका म्हाताऱ्याचं म्हणणं असं की आता नाक्यावर पिशवी नाही, गाडीची टाकी तपासायला हवी. त्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

पेट्रोलात दारू मिसळायचं हे खूळ काढलं कुणी, यावर तर रोज नवी खबर. कुणी दिल्लीचं नाव घेतो, कुणी ब्राझीलचं. आता खरं सांगायचं तर घरातच बघा. पेट्रोलात मद्यार्क मिसळण्याचा कायदा या देशात १९४८ साली झाला, पॉवर अल्कोहोल ॲक्ट म्हणून. तो कपाटात पडून राहिला आणि २००० साली सरकारने तो रद्द केला. रद्द केल्याला वर्ष होतंय न होतंय तोच, २००१ मध्ये, तीच गोष्ट पुन्हा करून पाहायला तीन ठिकाणं निवडली. एक उत्तर प्रदेशातलं बरेलीजवळचं आंवला. उरलेली दोन आपलीच: मिरज आणि मनमाड! मिरजेच्या सतारी जगाला ठाऊक, मनमाडचं जंक्शन ठाऊक, पण त्यांचा हा उद्योग कुणी कुठे बोलून दाखवत नाही. म्हणजे आज आमच्याकडचा जो पाहुणा "आमच्या महाराष्ट्रात असली भेसळ नाही" म्हणत छाती काढून बसतो, त्याला सांगा की सुरुवात तुमच्याच अंगणात झाली.

त्यानंतर २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के सुरू झालं, पण रडतखडत. २०१३-१४ मध्ये देशभराची सरासरी दीड टक्क्याच्या आसपास होती. मग गाडी अशी सुटली की २०२२ च्या जूनमध्ये दहा टक्के झाले, २०२३ च्या फेब्रुवारीत बंगळुरूत पंतप्रधानांनी ई-२० ची, म्हणजे वीस टक्के मिश्रणाची, सुरुवात केली आणि २०३० चं ठरलेलं वीस टक्क्यांचं उद्दिष्ट २०२५ मध्येच पुरं झालं. सरकारी काम मुदतीच्या पाच वर्षं आधी! पारावर खरी खळबळ माजायला हवी होती ती या बातमीने. आमच्या रस्त्यांची कामं बघणाऱ्या माणसाला तर यात नक्की काहीतरी काळंबेरं दिसेल.

आता खमंग भाग ऐका.

पहिली खबर दुधाच्या बाटलीची. मोबाइलवर कुणीतरी पाहिलं की पेट्रोलात पाणी घालून हलवलं की इथेनॉल खाली पाण्यात उतरतं आणि भेसळ उघडी पडते. माप लिहिलेली पारदर्शक बाटली घरात एकच, बाळाची. शंभर मिली पेट्रोल, पन्नास मिली पाणी, बूच लावून खळखळ. पाण्याची रेघ पन्नासवरून सत्तरीच्या आसपास चढली. "बघा! बघा!" करत बाटली वाडाभर फिरली, शेजारपाजारचे येऊन तीर्थ घेतल्यासारखे वाकून पाहून गेले. एवढ्यात आजीबाई आल्या. पुढचं मी सांगत नाही. एवढंच, की बाळाला नवी बाटली आली आणि बाळाच्या बापाला दोन दिवस चहा मिळाला नाही. आता यात उघडं पडलं ते काय? वीस टक्के इथेनॉल. सरकार जाहिराती लावून जे सांगतं ते आम्ही बाटली खराब करून शोधून काढलं.

यावर थांबतील ते तलमडुगुचे कसले! दुसऱ्या खबरीप्रमाणे काही शूर मंडळी पेट्रोल धुऊ लागली आहेत. होय, धुऊ. कॅनमध्ये पेट्रोल आणि पाणी ढवळायचं, निथळू द्यायचं, खालचं पाणी तोटीने सोडायचं, वरचं 'शुद्ध' पेट्रोल गाडीत. ऐकायला किती छान! पण दहा लिटर घेतलं तर हाती उरतं आठ. आमच्याकडे लिटरचा भाव एकशे आठ-नऊच्या घरात धरा, म्हणजे धुतलेलं पेट्रोल पडलं एकशे पस्तीसला. बरं, जे धुऊन टाकलं त्यातच जान होती. पेट्रोलियम मंत्रालयाच्याच आकड्यांनी इथेनॉलचं ऑक्टेन १०८.५ आणि मिसळण्याआधीच्या पेट्रोलचं ८४.४. दोघांचं मिळून ई-२० चं ऑक्टेन ९५ च्या आसपास होतं. ऑक्टेन म्हणजे पेट्रोल वेळेआधी भडकू नये म्हणून त्यात असलेली सहनशक्ती. इथेनॉल काढून टाकलं की मागे राहतं ते चौऱ्याऐंशीचं अडाणी पेट्रोल, आणि इंजिनाची अपेक्षा एक्क्याण्णवची. चढावर गाडी टकटक वाजू लागते. मग हेच शूर लोक मेकॅनिककडे जाऊन सांगतात, "पाहा, इथेनॉलनं इंजिन वाजून राहिलं."

आणि ते खालचं पाणी? एका महाभागाने विचारलं म्हणे, की त्यात दारू उतरलेली असते तर... नाही हो, नाही! त्यात पेट्रोलातले विषारी घटकही उतरतात. माणूस जिवानिशी जायचा. ही एक जागा अशी आहे की जिथे मी हसत नाही. चुलीजवळ, विजेच्या बटणाजवळ पेट्रोलाची वाफ कोंडली तर घर पेटायला काडीही लागत नाही, हे वेगळंच.

तिसरी खबर बड्या लोकांची. त्यांना धुणंभांडी परवडत नाहीत, त्यांना शंभर नंबरी लागतं. इंडियन ऑइलने १ डिसेंबर २०२० ला शंभर ऑक्टेनचं एक्सपी-१०० काढलं, पहिल्या दहा शहरांत मुंबई आणि पुणं होतं. त्यात इथेनॉल नसतं, अशी त्याची ख्याती. भाव लिटरला एकशे साठच्या घरात. ही ख्याती आमच्याकडे पोहोचली तशी एका बुलेटवाल्याची झोप उडाली. बातमी अशी की हैदराबादेत मिळतं. आदिलाबादहून हैदराबाद तीनशे किलोमीटर. आता बुलेट ठेवा बाजूला, लिटरला साठ देणारी साधी गाडी धरा. जाऊन येऊन सहाशे किलोमीटर, म्हणजे दहा लिटर बाटलेलं पेट्रोल जाळून यायचं आणि सोबत काय आणायचं, तर दहा लिटर शुद्ध. तेही प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये, दोन पायांच्या मध्ये धरून, राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून. कायदाही नाही म्हणतो आणि अक्कलही. पण सोवळ्याला अक्कल कधी आड आली आहे?

गंमत म्हणजे शंभर ऑक्टेनचं पेट्रोल जोरदार दाबाच्या, महागड्या इंजिनांसाठी. आपल्या शंभर सीसीच्या इंजिनाचा दाब नऊ-दहास एक. त्याला शंभर ऑक्टेन पाजलं काय आणि ब्याण्णव पाजलं काय, ते हूं की चूं करत नाही. आणि काही जण नाव बघून फसतात, ते आणखी निराळे. एक्सपी-९५ सारख्या 'प्रीमियम' पेट्रोलाला जास्त पैसे मोजतात आणि शुद्ध घेतल्याचं समाधान घेऊन घरी येतात. त्यातही इथेनॉल आहेच, बाबांनो.

चौथी खबर सोयऱ्यांकडची. आमच्याकडची माणसं किनवटला पाहुणा म्हणून जातात आणि येताना टाकी भरून येतात, हे नवं नाही. त्याचं कारण इतकी वर्षं साधं होतं. २०२५ मध्ये हैदराबादेत पेट्रोल एकशे सातच्या वर आणि मुंबईत एकशे तीनच्या वर होतं. राज्याराज्यांचा व्हॅट वेगळा, त्याचा हा फरक, आणि चार रुपये म्हणजे चार रुपये. आता मात्र त्याच फेरीला पावित्र्याचं कारण जोडलं गेलंय. "तिकडचं पेट्रोल चोखं." अहो, ज्या राज्यात उसाच्या कारखान्यांची रांग लागली आहे, ज्या राज्याचे निम्मे पुढारी कारखान्याच्या गेटातून विधानसभेत जातात, तिथे जाऊन इथेनॉल चुकवायचं? चार रुपये वाचवा, त्याबद्दल ब्र काढणार नाही. पण पावित्र्य म्हणून नका सांगू.

आणि औषधं! नाव नाही, गाव नाही, अशा पन्नास-शंभर रुपयांच्या बाटल्या बाजारात फिरू लागल्यात, टाकीत ओतलं की इथेनॉल 'मरतं' म्हणे. जुन्या पिढीने याच श्रद्धेने टाकीत डांबराच्या गोळ्या टाकल्या होत्या, ॲव्हरेज वाढावं म्हणून. ॲव्हरेज काही वाढलं नाही, टाकीत झुरळं मात्र एकदाही सापडली नाहीत.

मेकॅनिक मंडळींचा तर सुगीचा हंगाम. पूर्वी निदान करायला पाना घ्यावा लागे. आता गाडी दुरून येताना दिसली की निदान तयार. पिकअप नाही? इथेनॉल. क्लच घसरतो? इथेनॉल. हॉर्न वाजत नाही? जरा विचार करून, इथेनॉल. सकाळी गाडी उठत नाही हेही इथेनॉलचंच पाप, आणि यात थोडं तथ्य आहे. आदिलाबादची थंडी तेलंगणात गाजलेली, पारा डिसेंबरात पाच-सहा अंशांवर येतो. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते, त्यामुळे गारठ्यात ते कुरकुरतं. पण राजेहो, त्या थंडीत तुम्ही तरी पहिल्या किकला उठता का?

लग्नाच्या बैठकीतही हा विषय शिरलाय. मुलाचं शिक्षण झालं, शेती झाली, मग मुलीचा मामा घसा खाकरून विचारतो, "गाडी कवाची?" तेवीस सालच्या एप्रिलच्या आधीची की नंतरची, असा त्या प्रश्नाचा मतलब. कारण एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे रबरी-प्लॅस्टिकचे भाग ई-२० सोसतील असे बसवले जातात. आधीची गाडी असली की मामाचा चेहरा पडतो. मुलाला व्यसन आहे का, हे विचारायचं मात्र राहून जातं.

वर दिल्लीतही कमी तमाशा नाही झाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये असं काही वादळ उठलं की मंत्रालयाला लागोपाठ खुलासे काढावे लागले. ई-२० घातलं तर विमा मिळणार नाही, ही आवई तेव्हाचीच. आमच्याकडे तिच्यावर ज्यांनी सर्वांत जास्त डोकं पिटलं त्यांच्यातल्या निम्म्यांचा विमा कधीच संपून गेलेला होता. सरकारने ही गोष्ट खोटी असल्याचं सांगितलं. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलाचा पर्याय बंकावर द्या, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. १ सप्टेंबर २०२५ ला ती फेटाळली. त्याच महिन्यात वाहन उद्योगाच्या मेळाव्यात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी म्हणाले की ही समाजमाध्यमांवरची सगळी ओरड म्हणजे आपल्याविरुद्ध पैसे देऊन चालवलेली मोहीम आहे. ही बातमी पारावर वाचली गेली तेव्हा संतापाची लाट उसळली. पैसे वाटले गेले आणि आपल्यापर्यंत आलेच नाहीत? आम्ही सहा महिने फुकट ओरडलो?

बरं, ॲव्हरेजचं काय? पारावरचा आकडा 'निम्मं झालं' हा. निती आयोगाने २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या दुचाकींना तीन-चार टक्के आणि मोटारींना सहा-सात टक्के घट धरली होती. साठ देणारी गाडी अठ्ठावन्न देईल, असा त्याचा अर्थ. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ताकद असते, म्हणून वीस टक्क्यांनी सहा-सात टक्के ताकद जाते, हा साधा हिशेब. अगदी वाईट धरलं तरी साठाचे छप्पन. बाकीचे सव्वीस कुठे गेले ते टायरमधल्या हवेला विचारा, एअर फिल्टरमधल्या कापसाच्या फुपाट्याला विचारा, तिसऱ्या सीटवर बसलेल्या मेहुण्याला विचारा.

पण हे चार किलोमीटर कुणाच्या खिशातून गेले, हा प्रश्न रास्तच आहे. कारण पेट्रोल काही स्वस्त झालेलं नाही. सरकारनेच सांगितलंय की ३१ जुलै २०२५ ला इथेनॉलचा सरासरी भाव वाहतूक आणि जीएसटी धरून लिटरला ७१ रुपये ३२ पैसे होता, रिफायनरीतल्या पेट्रोलपेक्षा महाग. परकीय चलन वाचलं, ऊसवाल्याला पैसे मिळाले, धूर कमी झाला, हे सगळं ठीक. पण आमच्या मंडलात ऊस कुठे आहे? आम्ही कापूस आणि सोयाबीनवाले.

आणि इथे खरी कुजबुज व्हायला हवी होती, ती होतच नाही. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढणाऱ्या कारखान्यांतून मागे चोथा उरतो, डीडीजीएस म्हणतात त्याला. तो प्रथिनांनी भरलेला आणि स्वस्त. कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात तो सोयापेंडीच्या जागी जाऊन बसला. पेंडीची मागणी घटली की तेल गाळणारा सोयाबीनला भाव देईना. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात तो डोळ्यांनी दिसत नव्हता. भाव पडायला आयातीचं तेल आणि इतरही कारणं होती, पण चोथ्याचाही त्यात वाटा आहे. म्हणजे ज्या इथेनॉलचा वास आम्ही नोझलपाशी हुंगतो, ते आमच्या सोयाबीनच्या पोत्यातून आधीच हात घालून गेलेलं आहे. बाटली कुणी हलवून पाहिली नाही ती इथली!

जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातलंच, आता निर्मल जिल्ह्यात गेलेलं दिलावरपूर घ्या. तिथे इथेनॉलचा कारखाना नको म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये गावंच्या गावं उठली. निर्मल-भैंसा रस्ता अडवला, महसूल अधिकाऱ्याची गाडी रोखून धरली, शेवटी सरकारला काम थांबवावं लागलं. पाणी जाईल, हवा बिघडेल, शेतं नासतील, अशी त्यांची भीती. बायकाही रस्त्यावर उतरल्या होत्या. त्या आंदोलनाला लोक ज्या दुचाक्यांवरून गेले त्यांच्या टाकीत काय होतं, असं विचारणारे दीडशहाणे आमच्याकडे आहेत. त्यांना माझं उत्तर असं की टाकीत काय घालायचं हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. कारखाना कुठे घालायचा हे तरी विचारायला हवं होतं.

आता सोवळ्यातलं थोडं खरं. २०२० च्या आधीची कार्बोरेटरची गाडी असेल तर तिची तक्रार नाटकी नाही. इंजेक्शनच्या नव्या गाडीत सेन्सर असतो, तो धूर चाखून पेट्रोल कमीजास्त करतो. कार्बोरेटरला जीभ नाही. इथेनॉलसोबत जास्तीचा ऑक्सिजन येतो, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, उचल कमी होते. जाणता मेकॅनिक स्क्रू फिरवून, जेट बदलून हे बरंचसं सावरतो. त्यातून इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवतं आणि तो जाऊन जेटमध्ये अडकतो. जुना पेट्रोल पाइप, ओ-रिंग, फ्लोटची सुई कडक होतात, फुगतात, झिरपतात. शे-दोनशे रुपयांत हे सगळं बदलून होतं. एक्सपी-१०० च्या दोन लिटरांपेक्षा हे स्वस्त पडेल.

आणि खरा रोगी तर घराच्या माळ्यावर आहे, त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. फवारणीचा पेट्रोल पंप! कपाशीचे फवारे संपले की तो तसाच, पोटात अर्धा लिटर पेट्रोल आणि टू-टी ऑइल घेऊन, पुढच्या पावसाळ्यापर्यंत पडून राहतो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसतं, आणि जुलैत दोरी ओढून ओढून खांदा निखळला तरी पंप फुरफुरत नाही. अमेरिकेत इथेनॉल नसलेल्या पेट्रोलासाठी लोक हट्ट धरतात तो याचसाठी: होडी, गवत कापायचं यंत्र, करवत, वर्षातले काही महिने पडून राहणारी लहान इंजिनं. तिथे रोजच्या मोटारीसाठी कुणी फार जीव पाखडत नाही. आमच्याकडे नेमकं उलटं. रोज टाकी रिकामी होते त्या गाडीला सोवळं, आणि आठ महिने पडून राहणाऱ्या पंपाला काहीही चालतं.

पाण्याचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. पावसाळ्यात बंकाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी झिरपलं तर पूर्वी ते तळाशी वेगळं राहायचं. आता ते इथेनॉलला धरून बसतं. म्हणून बंकवाल्याने मोजपट्टीला पाणी दाखवणारी पेस्ट लावून रोज टाकी तपासायची असते. हुंगायचंच असेल तर तिथे जाऊन विचारा, "आज पट्टी टाकली का?" नाकाचा उपयोग तिथे आहे.

माझा निकाल विचाराल तर शुद्ध पेट्रोलाचं हे वेड सत्तर टक्के हसण्यावारी नेण्याचं आहे. उरलेल्या तीस टक्क्यांत सरकारची चूक आहे, आणि ती सरकारच्याच कागदावर लिहिलेली आहे. निती आयोगाच्या त्याच २०२१ च्या अहवालात म्हटलं होतं की जुन्या वाहनांना जपण्यासाठी दहा टक्क्यांचं पेट्रोल ई-२० च्या जोडीने मिळत राहावं. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये दहा टक्के लागू केलं तेव्हा जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांचं महाग पेट्रोल बंकावर ठेवलं. ब्राझील तीस टक्क्यांवर गेलं, पण तिथल्या बहुतेक गाड्या वीस वर्षांपासून कसलंही मिश्रण पचवणाऱ्या आहेत. आमच्याकडे मात्र एकच नोझल, घ्या नाहीतर चालत जा. मंडलातल्या निम्म्या गाड्या २०२३ च्या आधीच्या असताना हे बरोबर नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी एका बंकावर तरी ई-१० चं नोझल ठेवा, आणि प्रत्येक नोझलवर आत काय आहे ते तेलुगूत, मराठीत, गोंडीत ठळक लिहा. एवढं मागायला सर्वोच्च न्यायालयात जायची गरज पडू नये.

तोवर आमच्या मंडळींना एवढंच सांगणं. हैदराबादच्या फेऱ्या बंद करा. हंगाम संपला की फवारणी पंपाची टाकी रिकामी करा, आणि तो बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटरही कोरडा करा. आणि पेट्रोल धुतलेलं ते पाणी कृपा करून नाल्यात ओतू नका, खालच्या अंगाला जनावरं पाणी पितात.